डेअरीनं ४४ रुपये खाल्ले का? जोड्यांच्या यादीची बेरीज

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग ट्रेनमध्ये उभं राहून ऐकला तरी चालेल, पण एक आकडेमोड येणार आहे. तेव्हा जमलं तर फोनचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा. आणि ज्यांच्या फोनमध्ये पायड्रॉइड टाकलेलं आहे त्यांनी तेच उघडा, आज ते कामाला येईल.

गेल्या आठवड्यात गोरेगावच्या आरे कॉलनीतून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे म्हशी ओरडतायत, कोणीतरी बादली आपटतंय, आणि हा मुलगा एकदम गंभीर आवाजात सांगतोय, "दादा, डेअरी आम्हाला फसवतेय. माझ्याकडे प्रोग्राम आहे, त्यात पकडलंय." तो राहतो आरेत, एका युनिटच्या शेजारी. पण ज्या डेअरीबद्दल तो बोलत होता ती इथली नाही, गावची. गावी त्याच्या बाबांच्या म्हशी आहेत, रोज दोन वेळा दूध संकलन केंद्रावर जातं. बाबा पावत्यांचे फोटो पाठवतात आणि हा फोनवर पायथनमध्ये हिशेब घालतो. डेअरीनं दिले १५७६ रुपये, याच्या प्रोग्रामनं काढले १६२०. फरक ४४ रुपयांचा, आणि तोही फक्त दोन दिवसांत. बिल दहा दिवसांनी होतं, म्हणजे दर बिलाला २२० रुपये. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन डेअरीच्या सचिवांशी भांडणार होते. त्याआधी दादाला एकदा दाखवू, म्हणून त्यानं कोड पाठवला.

बरं झालं पाठवला.

आधी यादी बघू. चार पावत्या आहेत, दोन सकाळच्या आणि दोन संध्याकाळच्या. प्रत्येक पावतीवर दोन आकडे: किती लिटर आणि किती फॅट.

यादी = [(९, ६.०), (५, ७.४), (१०, ६.१), (६, ७.५)]

एक सूचना. या पानावर मी कोड देवनागरीत लिहितोय, कारण मी तो तसाच बोललो होतो. तुम्ही टाइप करताना सम, फॉर, इन, झिप हे शब्द इंग्रजी अक्षरांतच टाका आणि आकडेही इंग्रजी टाका. जाता जाता एक गंमत: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'यादी' किंवा 'दूध' असं देवनागरीत ठेवलं तर खुशाल चालतं. कोडमध्ये नुसता देवनागरी ९ टाकला तर मात्र सिंटॅक्स एरर येतो. आणि तोच ९ अवतरणात टाकून 'इंट'ला दिला तर तो निमूटपणे नऊ समजतो. कोणाच्या बाबांनी पावतीचे आकडे मराठीत टाइप करून पाठवले असतील तर हे लक्षात असू द्या.

आता पहिली पायरी. कोणीही करेल तेच त्यानं केलं:

सम(यादी)

आणि लाल अक्षरं आली. टाइप एरर, इंट आणि टपल यांच्यामध्ये प्लस चालत नाही. तो म्हणाला, "मी इंट दिलाच नव्हता दादा, कुठून आला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. 'सम' बेरीज सुरू करतं शून्यापासून. मनात शून्य धरतं, मग त्यात पहिला घटक मिळवायला जातं. पहिला घटक म्हणजे (९, ६.०) ही जोडी. शून्य अधिक जोडी म्हणजे काय? पायथनला माहीत नाही, म्हणून ते थांबलं. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणपणानं वागलेला तोच एक होता, तो एरर.

मग त्यानं नेटवर शोधलं आणि कुठूनतरी सल्ला मिळाला की 'सम'ला दुसरी किंमत म्हणून रिकामा टपल द्या, म्हणजे सुरुवात शून्याऐवजी रिकाम्या जोडीपासून होईल.

सम(यादी, ())

एरर गेला! उत्तर आलं (९, ६.०, ५, ७.४, १०, ६.१, ६, ७.५). टपलमध्ये टपल मिळवायचा म्हणजे एकाच्या मागे दुसरा चिकटवायचा, ट्रेनला डबे जोडल्यासारखा. चार जोड्यांची आठ आकड्यांची एक लांब रांग झाली. त्यानं त्या रांगेवर परत 'सम' चालवलं आणि ५७ आले.

सत्तावन्न काय? लिटर? टक्के? ३० लिटर आणि २७ टक्के एकत्र करून केलेला ५७. माझ्या वडिलांचं वय आणि आमच्या बिल्डिंगचे मजले मिळवल्यासारखं. ज्यांनी नमपाय वापरलंय त्यांनी हसू नका. नमपायच्या अ‍ॅरेमध्ये ही यादी टाकून नुसतं 'सम' म्हटलं आणि अ‍ॅक्सिस सांगितला नाही, तर तेही एक चकार शब्द न काढता ५७ देतं. एररसुद्धा येत नाही. आधीचा एरर निदान ओरडला तरी होता.

पण पोरगा हुशार आहे. ५७ हा आकडा काहीच सांगत नाही हे त्याला कळलं, आणि त्यानं योग्य दिशेनं पुढचं पाऊल टाकलं: आडवी बेरीज सोडून उभी बेरीज. पायथनमध्ये त्याला सुबक रस्ता आहे.

[सम(रकाना) फॉर रकाना इन झिप(*यादी)]

'झिप'च्या कंसात यादीच्या आधी एक तारा आहे, तो विसरायचा नाही. तारा काय करतो? यादी फोडून चारही जोड्या वेगवेगळ्या करून झिपच्या हातात देतो. झिप मग प्रत्येकीतला पहिला आकडा एकत्र करतं, मग दुसरा. म्हणजे आडव्या पावत्यांचे उभे रकाने होतात. उत्तर: ३० आणि २७.०.

इथे एक खड्डा आहे. समजा एका पावतीवर फॅट लिहिलेलंच नाही आणि तुम्ही ती नुसती (५,) अशी टाकलीत. झिप सगळ्यात आखूड घटकाच्या मापानं कापतं. त्यामुळे त्या एका पावतीचं नाही, तर अख्खा फॅटचा रकानाच गायब होतो, तोही न सांगता. पायथन ३.१० पासून झिपला 'स्ट्रिक्ट' खरं आहे असं सांगता येतं, मग लांबी जुळली नाही की ते एरर देतं. घरच्या हिशेबाला तरी ते लावाच.

तर ३० आणि २७. तीस लिटर दूध हे बरोबर. सत्तावीस टक्के फॅट? एवढं फॅट असलेल्या पदार्थाला आपण दूध म्हणत नाही, क्रीम म्हणतो. हेही त्याला कळलं. म्हणून त्यानं २७ ला चारनं भागलं आणि ६.७५ सरासरी फॅट काढली. ३० लिटर गुणिले ६.७५ टक्के म्हणजे २.०२५ किलो फॅट. (लिटर आणि किलो आज एकच धरूया. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, पण त्यानं आजचा मुद्दा बदलत नाही.) फॅटच्या किलोला ८०० रुपये धरले तर १६२० रुपये. ८०० हा दर आपण हिशेबापुरता घेतलाय. खऱ्या दरपत्रकात फॅटबरोबर एसएनएफही बघतात.

चूक बरोबर इथे आहे. कोड चालतोय, एरर नाही, उत्तर पटण्यासारखं दिसतंय, आणि तरी ते चूक आहे.

ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना हे माहीत असेल: सकाळच्या धारेला दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळी दूध कमी आणि फॅट जास्त. कारण रात्रीचं अंतर मोठं असतं, कासेत दूध साठायला वेळ जास्त मिळतो. यादीत परत बघा. ९ आणि १० लिटरच्या पावत्यांवर फॅट ६.० आणि ६.१. ५ आणि ६ लिटरच्या पावत्यांवर ७.४ आणि ७.५. साधी सरासरी काढताना त्यानं ५ लिटरच्या पावतीला आणि १० लिटरच्या पावतीला सारखंच वजन दिलं. म्हणजे थोड्या दुधातलं जास्त फॅट त्यानं सगळ्या दुधाला लावलं. उत्तर फुगणारच.

बरोबर रस्ता असा: प्रत्येक जोडी आधी आतल्या आत सोडवायची, मग बेरीज करायची.

सम(लिटर * फॅट फॉर लिटर, फॅट इन यादी)

९ गुणिले ६.० म्हणजे ५४. ५ गुणिले ७.४ म्हणजे ३७. १० गुणिले ६.१ म्हणजे ६१. ६ गुणिले ७.५ म्हणजे ४५. एकूण १९७. शंभरानं भागा, १.९७ किलो फॅट. गुणिले ८००, १५७६ रुपये.

डेअरीनं दिलेला आकडा. पैशाला पैसा.

मी त्याला फोन केला. बराच वेळ पलीकडून फक्त म्हशींचा आवाज. मग म्हणाला, "दादा, बाबांना थांबवायला पाहिजे." आणि फोन कट.

गावात डेअरीचे सचिव म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ ज्यांच्यासमोर किटली घेऊन उभं राहायचं ती व्यक्ती. त्यांना चार माणसांसमोर चोर म्हटल्यावर परत तिथंच दूध घालायला जायचं असतं. ४४ रुपये हा यातला सगळ्यात छोटा आकडा आहे.

आता हा मुलगा जिथे बसून हे करत होता त्या जागेबद्दल थोडं बोलू दे, कारण हीच आकडेमोड आरेच्या इतिहासातही आहे. मला तर ती तिथेच जास्त आवडते.

मुंबईतले तबेले शहरातून हलवावेत, म्हशी एका ठिकाणी मोकळ्या जागेत ठेवाव्यात आणि शहराला चांगलं दूध मिळावं, यासाठी १९४९ मध्ये आरे मिल्क कॉलनी उभी राहिली. जागा सुमारे १२८७ हेक्टर. या सगळ्यामागचं मोठं नाव म्हणजे दारा खुरोडी. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर खुरोडींनाही मिळाला होता. कुरियन सगळ्यांना माहीत, खुरोडींचं नाव आरेच्या गेटवरून रोज जाणाऱ्यांनाही सहसा माहीत नसतं. आपण पिशवीवर वाचतो ते 'टोन्ड दूध' भारतात आणण्याचं श्रेय त्यांनाच देतात.

टोन्ड दूध म्हणजे काय? म्हशीच्या दुधात फॅट जास्त, भाव जास्त, आणि सगळ्यांना पुरेल इतकं ते नाही. मग त्यात पावडरपासून केलेलं बिनसायीचं दूध मिसळायचं. फॅट खाली येतं, दूध वाढतं, स्वस्त होतं. आता याची यादी करा. प्रत्येक घटकात तीन किमती: लिटर, फॅट, एसएनएफ. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे घन असतं ते, प्रथिनं, साखर, क्षार वगैरे.

यादी = [(१००, ६, ९), (१००, ०, ८)]

पहिलं म्हशीचं दूध, दुसरं पावडरचं. पावडरच्या दुधाचं फॅट जवळजवळ शून्य असतं, आपण शून्यच धरू. लिटरची साधी बेरीज: २००. फॅट: १०० गुणिले ६ अधिक शून्य, म्हणजे ६००, भागिले २००, आले ३ टक्के. एसएनएफ: ९०० अधिक ८०० म्हणजे १७००, भागिले २००, आले ८.५ टक्के. आता स्वयंपाकघरात जाऊन टोन्ड दुधाची पिशवी बघा. किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, हेच टोन्ड दुधाचं प्रमाण आहे.

पावडरऐवजी नुसतं पाणी घातलं तर? दुसरी नोंद होते (१००, ०, ०). फॅट तरीही बरोबर ३ येतं! फक्त फॅट बघणारा माणूस खूश होऊन घरी जाईल. पण एसएनएफ येतं ९०० भागिले २००, म्हणजे ४.५. तिसऱ्या रकान्यानं चोरी पकडली. भेसळ ओळखायला दोन्ही आकडे का बघतात ते यावरून कळतं. आणि प्रोग्राम लिहिताना "हा रकाना मला नकोय" म्हणून टाकून देण्याआधी एकदा थांबायचं, ते यासाठीच.

इथे दोन्ही नोंदी १०० लिटरच्या आहेत, त्यामुळे साधी सरासरी काढली असती तरी हेच उत्तर आलं असतं. चूक कोड पहिल्या तपासणीत पास होतो तो असाच. म्हणून आपला कोड तपासताना सोपे, सारखे आकडे घेऊ नका, वाकडे घ्या.

मग आडवी बेरीज कधीच करायची नाही का? तसं नाही. तेही आरेचंच उदाहरण देतो, तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. २९ ऑगस्ट २०१९ ला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानं मेट्रो ३ च्या कारशेडसाठी मंजुरी दिली, तेव्हा दोन आकडे होते: २१८५ झाडं तोडायची, ४६१ झाडं दुसरीकडे लावायची. जोडी झाली (२१८५, ४६१). आडवी बेरीज २६४६. झाडं अधिक झाडं बरोबर झाडं, एकक एकच आहे, त्यामुळे ही बेरीज ५७ सारखी निरर्थक नाही. जागेवरून किती झाडं हलणार याचं ते बरोबर उत्तर आहे. पण किती तोडणार याचं ते उत्तर नाही. त्या दिवसांत ग्रुपवर एक जण २६४६ म्हणायचा, दुसरा २१८५ म्हणायचा, आणि दोघं एकमेकांना खोटारडे ठरवायचे. दोघंही एकाच यादीतून वाचत होते. पुढे ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं 'जैसे थे' सांगितलं, तोवर २१४१ झाडं पडली होती. हा तिसरा आकडा. तो मंजुरीच्या जोडीत नव्हताच, त्याला स्वतःचा रकाना लागतो.

म्हणून मी हल्ली नुसते टपल वापरत नाही. आकड्यांना नावं देतो: डिक्शनरी घ्या किंवा नेम्ड टपल घ्या. नोंदीत 'तोड' आणि 'पुनर्रोपण' असं लिहिलेलं असलं की त्या दोघांची बेरीज करताना हात आपोआप थबकतो. शून्य क्रमांकाचा आणि एक क्रमांकाचा आकडा म्हटलं की काही वाटत नाही. ज्यांना काउंटर माहीत आहे ते विचारतील, दोन काउंटर थेट प्लस करता येतात, मग ते का नको? वापरा, पण प्लस करताना काउंटर शून्य आणि उणे निकाल गाळून टाकतं. डेअरीच्या हिशेबात उचल वजा असते. ती गाळली गेली तर भांडण उलट्या बाजूनं सुरू होईल.

गोष्ट इथे संपली असती, पण परवा दुसरा व्हॉइस मेसेज आला. बाबा थांबले, पण गप्प बसले नाहीत. त्यांचं म्हणणं, तिसऱ्या पावतीवर ६.१ नाहीच, ६.७ आहे. शाई पसरलीय, फोटोत १ आणि ७ सारखेच दिसतात. म्हणजे आता यादीतल्या एका घटकाला दोन शक्य किमती आहेत. हा 'अनेक किमती'चा दुसरा अर्थ. लिटर आणि फॅट दोन्ही एकाच वेळी खरे असतात. इथे ६.१ किंवा ६.७, एकच खरा, पण कोणता ते ठाऊक नाही. पत्त्यांच्या ब्लॅकजॅकमध्ये एक्का १ किंवा ११ असतो ना, तसं.

राकू नावाच्या भाषेत यासाठी जंक्शन नावाची सोयच आहे, एका व्हेरिएबलमध्ये 'यापैकी कोणतीही' अशी किंमत ठेवता येते आणि बेरीज केली की उत्तरही 'यापैकी कोणतंही' येतं. पायथनमध्ये इटरटूल्समधलं 'प्रॉडक्ट' घेऊन सगळ्या जुळण्या काढता येतात. एक डागाळलेली पावती असेल तर दोन उत्तरं. दहा असतील तर १०२४. एवढी उत्तरं कोण बघणार? अशा वेळी सगळ्यात लहान किमती धरून एक बेरीज आणि सगळ्यात मोठ्या धरून दुसरी, एवढं पुरतं. लिटर कधी उणे नसतं, त्यामुळे खरं उत्तर त्या दोन टोकांच्या बाहेर जात नाही. आपल्या यादीत १९७ किंवा २०३. रुपयांत १५७६ किंवा १६२४.

म्हणजे बाबांचं बरोबर असेल तर डेअरी खरंच ४८ रुपये देणं लागते. पोरानं विचारलं, "मग आता कोडमध्ये काय लिहू?" मी म्हटलं, काही लिहू नकोस, केंद्रावरच्या मशीनमध्ये नोंद असेल, बाबांना म्हणावं ती बघायला मागा, भांडायला नाही.

काल रात्री फोटो आला. मशीनच्या स्क्रीनचा, तिरका काढलेला, कोपऱ्यात बाबांचा अंगठा. सहा पूर्णांक एक.

पुढच्या भागात फ्लोट हा प्रकार बघू, कारण तीन जणांनी विचारलंय की ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ का येत नाही. तोवर तुमच्या घरच्या पावत्या असतील, दुधाच्या, किराण्याच्या, विजेच्या, तर पाठवा. फोटो सरळ काढा.